टेकाडाचं नाव

जहूरनं दोन्ही पासपोर्ट काउंटरवर शेजारी शेजारी उघडले, पंख्याच्या वाऱ्यानं पानं मिटू नयेत म्हणून एकावर स्टेपलर आणि दुसऱ्यावर चहाचा रिकामा ग्लास ठेवला, आणि नावं पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.

पहिला पासपोर्ट ओळखीचा होता. एलादिओ ओतेरो लेमा, जन्म १९३१. हमरियातल्या या टायपिंगच्या दुकानात तो दर दोन वर्षांनी येत असे आणि त्याच्याबरोबर त्याचा मालकही, सगळी गल्ली ज्याला कप्तान म्हणायची तो उंच, वाकलेला स्पॅनिश म्हातारा. दुसरा पासपोर्ट नवा होता. आंद्रेस औतेइरो पासोस, जन्म १९६४. त्याचा मालक काउंटरपलीकडे उभा होता. चाळिशीचा, उन्हानं नाक लाल झालेला. जहूरचं बोट ज्या ओळीवरून फिरत होतं तिच्यावर त्याची नजर होती.

“हा कप्तानचा मुलगा,” खल्फान म्हणाला. “तीन दिवसांपूर्वी आला. याच्या नावानं कागद कर. यल्ला, मला दुपारच्या आत सीबला पोचायचंय.”

खल्फान कप्तानचा अर्बाब. कप्तानचा व्हिसा त्याच्या नावावर होता. त्याच्या वडिलांनी मासेमारीची कंपनी काढली तेव्हा, १९८८ साली, कप्तानला स्पेनहून बोलावलं होतं. ट्रॉलरवरच्या पोरांना जाळी टाकायला आणि फाटली की दुरुस्त करायला शिकवणं हे त्याचं काम. खल्फान स्वतःही त्याच्याच हाताखाली शिकला होता, आणि म्हणून निवृत्तीनंतरही त्यानं म्हाताऱ्याला अल हैलच्या एका घरात राहू दिलं होतं. पण गेल्या वर्षापासून कप्तानचं डोकं ठिकाणावर राहत नव्हतं. दोनदा तो कोळ्यांच्या वस्तीत सापडला, कधीच भंगारात गेलेल्या बोटीची चौकशी करत. दुसऱ्या वेळी पोलिसांनी खल्फानकडून लिहून घेतलं की म्हाताऱ्याला नातेवाइकाच्या ताब्यात देऊन मायदेशी पाठवीन. तो ताबा देण्याचा कागद आता टाइप करायचा होता.

“मुलगा,” जहूर म्हणाला. “पण हे जमत नाहीय.”

जहूर पंधरा वर्षं नावं लिहीत आला होता. बंगाल्यांची, फिलिपिनींची, सुदान्यांची नावं त्यानं अरबीत बसवली होती, आणि त्याचा एक ठोकताळा होता. तीन शब्दांचं नाव असलं की मधलं बापाचं आणि शेवटचं घराण्याचं. तो स्वतः जहूर दाऊद बुरोंडकर होताच. त्या रीतीनं कप्तान हा कुणा ओतेरोचा मुलगा, लेमा घराण्यातला. आणि समोर उभा असलेला माणूस कुणा औतेइरोचा मुलगा, पासोस घराण्यातला. दोघांचं एकमेकांशी काहीच लागत नव्हतं.

त्यानं हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा आंद्रेसनं मान हलवली. हा प्रश्न त्याला नवा नसावा.

“मधलं वडिलांचं आडनाव असतं आणि शेवटचं आईचं. आमच्याकडे दोन्ही लावतात.”

“बरं. म्हणजे तुमच्या वडिलांचं आडनाव ओतेरो.”

“हो.”

“आणि तुमचं?”

“तेच. फक्त बरोबर लिहिलेलं.”

जहूरनं खल्फानकडे पाहिलं. खल्फाननं खांदे उडवले आणि फोनवर बोलायला तो बाहेर गेला.

आंद्रेसनं काउंटरवरचा एक चुकलेला फॉर्म पालथा केला आणि त्यावर पेननं एक अर्धगोल काढला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा मुलूख आहे, तो म्हणाला, आणि तिथली बोली वेगळी आहे. त्या बोलीत अशा लहानशा उंचवट्याला औतेइरो म्हणतात. डोंगर नव्हे, डोंगराहून पुष्कळ लहान. दर दोनचार कोसांवर एक औतेइरो असतो आणि त्यावर पाचसहा घरं असली की त्या वस्तीचं नावही औतेइरो. तिथून कुणी दुसरीकडे राहायला गेलं की लोक त्याला औतेइरोवाला म्हणणार, आणि तेच पुढे आडनाव होणार.

“टेकाड,” जहूर मराठीत स्वतःशीच म्हणाला.

“काय?”

“काही नाही. पुढे.”

“पुढे कारकून आले. त्यांना शिकवलेलं असायचं की गावची बोली म्हणजे चुकीची स्पॅनिश. मग ते दुरुस्त करायचे. औतेइरोचं ओतेरो. अर्ध्या मुलखाचं तसं झालं. माझ्या पणजोबांचं नाव आमच्या चर्चच्या वहीत औतेइरो असं आहे, मी पाहिलंय. आंद्रेस औतेइरो. त्यांच्यावरूनच माझं नाव ठेवलं. वडिलांच्या जन्मापर्यंत ओतेरो झालं होतं. काही वर्षांपूर्वी कायदा बदलला, मूळचं नाव परत लावता येईल म्हणून. मी अर्ज केला.”

त्यानं अर्धगोलाखाली दोन्ही नावं लिहिली आणि दुसऱ्यातल्या दोन जादा अक्षरांखाली रेघ ओढली. एक u आणि एक i.

जहूरनं त्या दोन अक्षरांकडे पाहिलं. माणूस आपलं नाव का बदलतो याची कारणं त्याला माहीत होती. व्हिसा नाकारला गेला म्हणून, लग्न झालं म्हणून, धर्म बदलला म्हणून. दोन अक्षरांसाठी चाळिशीच्या माणसानं बँक, पदवी, पासपोर्ट सगळं बदलत बसावं, हे त्याच्या अनुभवाच्या बाहेरचं होतं.

“मी बुरोंडकर,” तो शेवटी म्हणाला. “बुरोंडी नावाचं बंदर आहे, समुद्रावर. त्यावरून.”

आंद्रेसचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “तुम्ही तिथले?”

“नाही. नाव तिथलं. आमचं घर चार पिढ्या दाभोळला. बुरोंडीला मी एकदाच गेलो, कुणाच्या तरी लग्नाला. जेवून परत आलो.”

आंद्रेसला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण खल्फान परत आला आणि किल्ल्या काउंटरवर वाजवू लागला. कागदावर कप्तानची सही लागेल, तो म्हणाला, आणि कप्तान या मुलासमोर सही करत नाही. “तू चल बरोबर. तुला तो ओळखतो. तू दाखवशील तिथं सही करील. पंधरा वर्षं करतोय.”

*

गाडीत आंद्रेस पुढे बसला होता. सुलतान काबूस रस्ता मागे पळत होता. मग तोच, मागे न वळता, इंग्रजीत बोलू लागला.

“वडील माझ्याशी चार वर्षं बोललेले नाहीत. मी फोन करून सांगितलं की नाव बदललं. मला वाटलं खूश होतील. म्हणाले, ते टेकाड पाठीवरून उतरवायला मला अख्खं आयुष्य लागलं आणि तू ते परत चढवलंस. आणि फोन ठेवला.”

“का पण?” जहूरनं विचारलं.

“शाळेत गावच्या बोलीत बोललं की गुडघ्यावर उभं करायचे. वडिलांचे गुडघे पाहिलेत का तुम्ही? ते म्हणायचे, अर्धं आयुष्य बोटीवर गेलं आणि अर्धं शाळेच्या फरशीवर. घरात माझ्याशी ते फक्त स्पॅनिश बोलायचे. आई आणि ते आपापसात काहीतरी वेगळं बोलतात एवढं मला कळायचं, पण मी खोलीत आलो की थांबायचे. ती बोली मी विद्यापीठात शिकलो. पुस्तकातून.”

जहूर खिडकीबाहेर बघू लागला. त्याचा मुलगा रेहान पहिलीत होता तेव्हा बाईंनी बोलावून सांगितलं होतं, घरात जरा नीट भाषा बोला, मुलगा वर्गात काहीतरी कोकणी बोलतो आणि मुलं हसतात. त्या दिवसापासून जहूर आणि त्याची बायको वजीरा मुलांशी हिंदीच बोलत. सवयीचंच झालं होतं ते. आज रेहान चौदाचा आणि झरीन अकराची होती, आणि दाभोळहून आजीचा फोन आला की दोघं एकमेकांच्या हातात रिसीव्हर कोंबत.

पण त्याचा आणि याचा काय संबंध, असं त्याला वाटलं. शाळा होती, पुढचं शिक्षण होतं. मुलांचं भलं बघायचं की नाही. गाडी अल हैलच्या वळणावर आली तेव्हाही तो त्याच विचारात गुंतलेला होता, आणि आपण नेमका कशाचा विचार करतोय हे त्याला धड सांगता आलं नसतं.

*

कप्तान अंगणात एका पालथ्या क्रेटवर बसला होता. मांडीवर हिरव्या जाळ्याचा ढीग होता आणि हातातली लाकडी सुई जिथं जाळं फाटलेलं नव्हतं तिथंही फिरत होती. जहूरला पाहून त्यानं सुईवाला हात वर केला.

“जहूर, सदीक, दोस्त. चाय?”

मग त्याची नजर आंद्रेसवर गेली. तो उठून उभा राहिला, जाळं बाजूला ठेवलं आणि सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं. वकिलातीतून माणूस आला की तो असं करायचा. जहूरनं ते पूर्वीही पाहिलं होतं.

“तीन दिवस हेच,” खल्फान हळूच म्हणाला. “फार अदबीनं बोलतो. जेवायला बसवतो. आणि विचारतो, तुम्ही कधी परत जाणार.”

कप्तान आणि जहूर यांची आपापसातली भाषा बोटींवर आणि धक्क्यावर जमा झालेली होती, निम्मी हिंदी आणि निम्मी अरबी. जहूर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“कप्तान, ये आपका बेटा है. आंद्रेस.”

“नहीं, नहीं.” कप्तान समजुतीच्या सुरात हसला. त्यानं जमिनीपासून टेबलाएवढ्या उंचीवर तळहात धरला. “आंद्रेस छोटा. स्कूल जाता.”

आंद्रेस स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. कप्ताननं मान लववून थोडक्यात उत्तर दिलं. त्यापुढे बोलणं सरकेना.

जहूरचा बोलण्यापेक्षा कागदावर विश्वास होता. माणसं नाही म्हणत राहतात आणि छापील नाव दाखवलं की गप्प होतात, हे त्यानं खूपदा पाहिलं होतं. त्यानं नवा पासपोर्ट उघडून कप्तानच्या हातात दिला. कप्ताननं खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत तो वाचू लागला. त्याचं जाड, चिरा पडलेलं बोट आडनावापाशी थांबलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

मग त्यानं वर पाहून आंद्रेसला एक वाक्य विचारलं.

जहूरला स्पॅनिश येत नव्हती, पण कप्तान दुकानातून घरी फोन करायचा तेव्हा त्यानं ती भरपूर ऐकली होती. भराभर, खडे टाकल्यासारखी. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं, आणि शेवटी चढ चढून थांबलं होतं. आंद्रेसचा पिशवीच्या पट्ट्यावरचा हात जागच्या जागी राहिला.

“काय म्हणाले?” जहूरनं विचारलं.

“विचारतायत,” आंद्रेस वडिलांवरची नजर न काढता इंग्रजीत म्हणाला, “तू औतेइरोवरचा ना? वरच्या घरांतला की खालच्या?”

“मग सांगा काहीतरी.”

आंद्रेसनं दोन शब्दांत उत्तर दिलं. कप्ताननं त्याला दंडाला धरून क्रेटवर बसवलं, स्वतः घराच्या पायरीवर बसला आणि गळ्याजवळचं बटण काढून टाकलं.

त्यानंतरचं बोलणं जहूरला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, आंद्रेसला सुचेल तेव्हा तो इंग्रजीत सांगे तेवढंच. विहिरीवरचा दगड अजून आहे का, म्हणून विचारतायत. खालच्या घरातल्या म्हातारीची गाय. आंद्रेस एका शब्दाला अडखळला तेव्हा कप्ताननं तो शब्द दुरुस्त करून दिला, मग आणखी एक, आणि मग तो मोठ्यानं हसला. इतकी वर्षं ओळख असून जहूरनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“म्हणतायत, असं कुणी बोलत नाही,” आंद्रेस म्हणाला. त्याचा स्वतःचा चेहरा हसावं की काय करावं अशा बेतात अडकला होता. “विचारतायत, कुठल्या मास्तरानं शिकवलं तुला.”

खल्फान दारात टेकून उभा होता. त्याला दुपारच्या आत सीबला पोचायचं होतं हे तो विसरला असावा.

मग एकदा, बोलण्याच्या भरात, आंद्रेसच्या तोंडून एक छोटासा शब्द गेला. पाइ, त्यांच्या बोलीतलं बाबा. कप्तान थांबला. त्यानं आंद्रेसकडे, मग दाराकडे पाहिलं. तो उठला, बटण लावलं, आणि जुनी, खड्यांची स्पॅनिश परत आली. आपलं काय काम होतं, असं काहीसं तो विचारत होता. आंद्रेस दोन्ही हातांनी चेहरा चोळत बसला. मिनिटभरानं त्यानं हात काढले आणि पुन्हा त्या मऊ बोलीत, विहिरीविषयी काहीतरी विचारलं.

कप्तान सावकाश परत पायरीवर बसला. पण आता त्यानं ओठांवर बोट ठेवलं, घराच्या आतल्या खोलीकडे अंगठा केला, आणि कुजबुजत काहीतरी सांगितलं.

आंद्रेसनं त्याचं भाषांतर केलं नाही. जहूरनं खल्फानकडे पाहिलं. खल्फान आत डोकावून आला. आत एक पलंग होता आणि फ्रिज.

*

“आत कोण आहे म्हणाले?” फाटकापाशी आल्यावर जहूरनं विचारलं.

“मी,” आंद्रेस म्हणाला.

त्यानं फाटकाचा गज धरला आणि सोडला. “म्हणाले, हळू बोल. पोरगा आत अभ्यास करतोय. त्याच्या कानावर हे पडायला नको.”

जहूरनं कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला. सगळा मजकूर त्यानं दुकानातच टाइप केला होता. फक्त एक चौकट रिकामी होती. ताब्यात घेणाऱ्याचं नातं.

“मुलगा लिहा,” आंद्रेस म्हणाला. “खरं तेच आहे.”

“लिहितो. पण मला ते वाचून दाखवावं लागेल.”

“कशाला?”

“वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही.” जहूर इथे आला त्या पहिल्याच वर्षी त्यानं टाइप केलेल्या कागदावर एका मजुरानं न वाचता सही केली होती आणि दोन आठवड्यांत तो विमानात बसला होता. आपण स्वतःहून मायदेशी परत जायला राजी आहोत, असं त्यात लिहिलेलं आहे हे त्याला विमानतळावर कळलं. “कप्तानला अरबी कळतं. मुलगा म्हटलं की ते उठून बटण लावतील.”

“मग तो एक शब्द वाचू नका.”

“सगळं वाचतो.”

अंगणातून कप्तानचा आवाज येत होता. तो खल्फानला हिंदीत सांगत होता की पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडू नको, लांबून आलाय.

“अरबीत एक शब्द आहे,” जहूर म्हणाला. “अहल. बायकोला म्हणतात, आईबापांना म्हणतात, मुलांना म्हणतात. घरातली माणसं. गावातल्यांनाही म्हणतात. ‘मिन अहलिही’ असं लिहिलं तर याच्या माणसांपैकी, असा अर्थ होतो.”

“हे खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण सगळंही नाही.”

आंद्रेसनं चौकटीकडे पाहिलं. ती इंचभर लांब होती. नोंदणी कचेरीत किती फॉर्म भरले असतील यानं, जहूरच्या मनात आलं, आपण कोण आहोत हे नीट लिहिलं जावं म्हणून.

“लिहा,” आंद्रेस म्हणाला.

जहूरनं पेननं, टाइपसारख्या सरळ अक्षरात, ते लिहिलं.

मग पायरीवर कप्तानशेजारी बसून त्यानं कागद पहिल्या ओळीपासून वाचला. नावांपाशी तो क्षणभर थांबला. अलिफ, वाव, ते, ये, रे, वाव. सकाळी टाइप करताना त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हात आपोआप चालले होते. अरबीत स्वर फारसे लिहीत नाहीत, आणि दोन्ही आडनावं त्याच सहा अक्षरांत बसली होती, एकाखाली एक, कान्यामात्रेचा फरक नाही. आंद्रेसला हे सांगावं की नाही, त्याला कळेना. चार वर्षांचा अबोला ज्या दोन अक्षरांवरून झाला ती इथं दिसतच नव्हती. त्यानं वर ओतेरो वाचलं आणि खाली औतेइरो. कप्ताननं दोन्ही वेळा मान हलवली.

“मिन अहलिही,” जहूरनं वाचलं.

“ऐवा,” कप्तान म्हणाला, हो. आणि हात पुढे करून त्यानं पेन मागितलं.

सही करताना त्यानं आंद्रेसला काहीतरी विचारलं. बटाटे काढायच्या आत पोचू ना, असं होतं ते, आंद्रेसनं सांगितलं.

*

संध्याकाळी वजीरा दारातच म्हणाली, “आज काय झाला? तोंड असा का?”

जहूरनं जेवता जेवता तिला सांगितलं, जसं घडलं तसं, मधूनच मागे जात, कारण विहिरीचं आधी की बटणाचं आधी हे त्याच्याच ध्यानात राहत नव्हतं.

“मग पोराला वळखलान का नाय?” वजीरानं विचारलं.

“कुणास ठाऊक.”

“असा कसा? माणूस वळखतो नायतर नाय वळखत.”

“तसाच तर कळत नाय.”

झरीन वहीतून डोकं वर काढून दोघांकडे बघत होती. “पप्पा, बटाटे? कौन निकाल रहा है?”

“कोई नहीं, बेटा,” जहूर म्हणाला. “तू पढ.”

*

पोलीस चौकीत कागदाला काहीच अडचण आली नाही. शिपायानं दोन्ही आडनावांखाली पेनचं टोक फिरवलं, दोन्हीकडे तीच अक्षरं पाहिली, आणि शिक्का मारला. आंद्रेस शेजारी उभा होता. त्यानं जहूरला विचारलं की आडनावांचं काही विचारलं का. जहूरनं सांगितलं, नाही विचारलं, अरबीत ती एकच दिसतात. आंद्रेसनं कागद हातात घेऊन त्या दोन ओळी पाहिल्या. उजवीकडून वाचायचं की डावीकडून, हेही त्याला माहीत नव्हतं. “कुठलं माझं?” त्यानं विचारलं. जहूरनं बोट ठेवलं.

आठवड्यानं, फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी, ते सीबच्या विमानतळावर होते. जहूरचं तिथं काही काम नव्हतं. खल्फान म्हणाला ये, म्हणून तो दुकान उशिरा उघडायचं ठरवून आला होता. कप्तानला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. चालता येत असूनही त्यानं कुरकूर केली नव्हती. त्याच्या अंगावर आंद्रेसनं आणलेला लोकरीचा कोट होता. येणारे-जाणारे त्याच्याकडे वळून बघत होते.

आंद्रेस सामान चढवायला काउंटरशी गेला तेव्हा कप्ताननं जहूरला बोटानं जवळ बोलावलं. जहूर खुर्चीशेजारी वाकला. म्हाताऱ्याच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“जहूर. मेरा बेटा आएगा. इधर. तुम्हारा दुकान में पूछेगा, कप्तान किधर.”

“जी.”

“वो नाम बदली किया. हम फोन पे बहोत चिल्लाया.” कप्ताननं काउंटरकडे पाहिलं. आंद्रेस पाठमोरा होता, तिकिटं दाखवत होता. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्या पाठीवर थोडा वेळ राहिले आणि मग पुढच्या माणसावर गेले, आणि त्याच्याही पुढच्या. “उसको बोलो, नाम गलत नहीं. हमको नहीं मांगता था. बस. बोलेगा?”

“बोलूँगा,” जहूर म्हणाला.

“खलास,” कप्तान म्हणाला आणि मांडीवरची टोपी सारखी केली.

खल्फाननं वाकून कप्तानच्या कपाळाचं चुंबन घेतलं. विमान कंपनीचा माणूस आला, त्यानं खुर्ची वळवली आणि पुढे ढकलत नेली. आंद्रेस पिशव्या उचलून मागोमाग निघाला, आणि जहूरचा हात हातात घेऊन थांबला.

“काय सांगत होते तुम्हाला?”

जहूरनं खुर्चीकडे पाहिलं. ती काचेच्या दारापर्यंत पोचली होती. जे ऐकलं ते कुणी कुणाला सांगितलं होतं, याचा त्याला पत्ता लागत नव्हता. ज्याला भांडण आठवतं त्याला माणूस आठवत नसेल का, की माणूस समोर होता म्हणूनच हे माझ्याकडे दिलं?

“निरोप होता,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी.”

आणि त्यानं तो इंग्रजीत सांगितला, काही न वाढवता आणि काही न गाळता.

आंद्रेस ऐकत उभा राहिला. त्याच्या मागून लोक त्याला वळसा घालून जात होते.

“हे कुठल्या भाषेत म्हणाले?”

“हिंदीत. आमची इथली हिंदी.”

“ती मला येत नाही,” आंद्रेस म्हणाला. त्यानं एक पिशवी खाली ठेवली. “त्यांनी म्हटलं तसंच म्हणून दाखवाल? त्यांच्याच शब्दांत?”

जहूरनं म्हणून दाखवलं. नाम गलत नहीं. हमको नहीं मांगता था. आंद्रेसनं आणखी एकदा म्हणायला सांगितलं, आणि जहूरनं या वेळी सावकाश, शब्द सुटे करून म्हटलं. आंद्रेसचे ओठ त्याच्या मागोमाग हलत होते. तिसऱ्यांदा तो एकटाच म्हणाला, ‘मांगता’पाशी अडखळून, परत मागे जाऊन.

“बरोबर?”

“बरोबर,” जहूर म्हणाला.

आंद्रेसनं पिशवी उचलली आणि तेच शब्द पुटपुटत तो काचेच्या दाराकडे चालू लागला.